तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

कवळ्या बनवणारा माणूस कुणाच्या हसण्यावर पटकन विश्वास ठेवत नाही. समोरचा गोड हसला तरी तो आधी दात खरे की बसवलेले ते बघणार. आमचा कवळीवाला तर त्यात चार पावलं पुढेच. पण दाजींवर, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर, त्याने अठरा वर्षांत कधी संशय घेतला नव्हता.

दोघांनाही गाण्याचं वेड. वर्षभर निघालेले नवे अल्बम ऐकायचे आणि आवडलेल्या दहांची यादी करायची, जूनमध्ये कच्ची, वर्षाच्या शेवटच्या रविवारी पक्की. बंद पाकिटं बदलायची आणि मग दुपारभर कचाकचा भांडायचं. त्याआधी नावं फोडायची नाहीत, एवढाच नियम. दोन याद्यांत तीनपेक्षा जास्त नावं आजवर जुळली नव्हती, आणि मजा त्यातच होती. कवळीवाल्याला दुसरा मित्रच नव्हता म्हणा ना.

यंदा जूनमध्ये आठ नावं जुळली.

आधी तो खूश झाला. म्हटलं, शेवटी दाजींना अक्कल आली. घरी येऊन पाहतो तर क्रमसुद्धा तोच. वर तिसऱ्या अल्बमपुढे दाजींनी लिहिलेलं, ‘मेणावर नख ओढल्यासारखा आवाज.’ आता मेण दिवसभर हाताळतो कोण? कवळीवाला. दाजी पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात मशीनवर उभे असतात, त्यांचा मेणाशी काय संबंध? आणि हे वाक्य तर कवळीवाल्याच्या गाण्यांच्या वहीतलं, जशास तसं.

झालं. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. एकाच्या तोंडाची कवळी दुसऱ्याला बसत नाही, हे ज्याला रोज गिऱ्हाइकांना समजवावं लागतं, त्याच्या डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे काय? मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दाजी हल्ली फोन उचलत नाहीत, लिहून उत्तर पाठवतात. काही विचारलं की ‘अगदी, अगदी’ म्हणतात आणि विषय संपवतात. घरी गेलं की टक लावून तोंडाकडे बघतात, यानं काही ओळखलं तर नाही ना, असं चाचपत असल्यासारखे.

वही घरातल्या कपाटात, म्हणजे घरभेदी घरातच. बायको ताईशी रोज फोनवर बोलायची, आणि हा आत आला की ‘ठेवते हं’ म्हणायची. त्याने एकदा सहज विचारलं, “काय चाललं होतं?”

“भाज्यांचे भाव,” ती म्हणाली. भाज्यांचे भाव कुणी कुजबुजत सांगतं का?

मग या पठ्ठ्याने सापळा लावला. वहीत सातव्या नंबरवर एक अल्बम लिहिला, जो जगात कुठेच नव्हता. नाव ठेवलं ‘तिसऱ्या मजल्यावरचं पाणी’. खाली लिहिलं, ‘पहिलं गाणं: नळ उघडलाय, पण आधी नुसती हवाच खोकते. एक बाई गुणगुणत बादली सरकवते. पाणी येतं तेव्हा ती गप्प होते.’ पुढे कंटाळा आला, म्हणून ‘दुसरी बाजू याहून सरस’ एवढंच खरडलं आणि वही जागेवर ठेवली. चार महिने तो मनातल्या मनात हसत राहिला.

शेवटच्या रविवारी सगळे ताईच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती बसले. कवळीवाल्याने दाजींचं पाकीट फोडलं. सातवा नंबर पाहिला, तिथे नव्हतं. क्षणभर त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग नजर वर गेली. पहिल्या नंबरवर, जाड अक्षरांत, ‘तिसऱ्या मजल्यावरचं पाणी’.

“वा, दाजी. यातलं एखादं गाणं म्हणून दाखवा की.” तो कागदात बघूनच बोलला.

“अगदी, अगदी,” दाजी म्हणाले.

“म्हणून दाखवा म्हटलं. नाही येणार, कारण असा अल्बमच नाही. मी रचलाय तो. अठरा वर्षं, दाजी. चोरी करायला मीच सापडलो?”

दाजींनी ताईकडे वळून विचारलं, “काय म्हणतोय?”

ताईने फळीवरची वही-पेन्सिल घेतली, भावाचं बोलणं एका ओळीत लिहिलं आणि नवऱ्यापुढे सरकवलं. मग भावाकडे वळली. “एप्रिलपासून त्यांना काही ऐकू येत नाही. मशीनपायी दोन्ही कान गेले. तुझी वही मीच हिच्याकडून फोनवर वाचून घेत होते. हिला बोल लावू नकोस.”

“अगं, मग मला सांगायचं ना.”

“त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, गाणं गेलं असं कळलं तर तो कशाला येईल आपल्याकडे?”

कवळीवाल्याला कुठे बघावं कळेना. बायको डोळे पुसत होती. चोर पकडल्याचा आनंद कधीच विरला होता.

दाजींनी ती ओळ दोनदा वाचली. चेहरा पडला, पण ते रागावले नाहीत.

“नऊ तुझे उतरवले,” ते म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला होता. “काय करणार, ऐकूच येईनात. हा एकटा वाचताना वाजला. ती हवा, ती बादली, सगळं. एप्रिलपासून मी एवढंच ऐकलं रे. म्हणून पहिला दिला.” मग त्यांनी विचारलं, “नाहीच का तो?”

कवळीवाल्याने मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

“दुसऱ्या बाजूचं तू काहीच लिहिलं नव्हतंस,” दाजी म्हणाले.

त्याने खुर्ची उचलली आणि दाजींच्या अगदी समोर, खिडकीचा उजेड तोंडावर पडेल अशी मांडली. सापळ्याच्या त्या चार ओळी सोडल्या तर आयुष्यात त्याने काही रचलं नव्हतं. तो हळूहळू, एकेक शब्द ओठांनी नीट दाखवत दुसरी बाजू सांगायला लागला.