चांगुणाचा हिरवा दिवा

जांभळवाडीच्या मारुतीपुढं त्या दिवशी एवढी गर्दी लोटली, की मारुतीलासुद्धा वाटलं असेल, आज आपली जयंती आहे आणि आपल्यालाच कुणी सांगितलं नाही. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळे हजर. पण एकाचंही तोंड देवाकडं नव्हतं. सगळे बघत होते पारावरच्या पेटीकडं.

पेटी करड्या रंगाची, ट्रंकेएवढी. वर दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. पुढं तांब्याच्या दोन पट्ट्या. आणि शेजारी कडक इस्त्रीच्या बुशशर्टात डॉक्टर वर्टीकर. हे डॉक्टर औषधाचे नव्हेत, कागदाचे. मुंबईच्या कुठल्याशा संशोधन संस्थेतून जीप घेऊन खर्ड्याच्या बाजूला दुष्काळ बघायला आले होते.

"हे यंत्र तुमचा हात वाचतं," वर्टीकर म्हणाले. "लाल दिवा म्हणजे अशक्त, आजारी. हिरवा म्हणजे निरोगी. तुमची माहिती कार्डावर भोकं पाडून मुंबईच्या कॉम्प्युटरकडं जाणार. एकदा कॉम्प्युटरनं निकाल दिला, की सरकारला डोकं चालवायची गरजच नाही!"

"ते कवा चालवत हुतं?" गर्दीतून छगन ओरडला.

"माणूस खोटं बोलतो. यंत्र बोलत नाही!" वर्टीकरांनी बोट वर केलं. अगदी तसंच बोट अंगात आलं की शेजारच्या गावचा भगत वर करायचा.

बोटामागं जोर होता. लाल दिव्याच्या माणसाला दुधाची पावडर, बसून करायचं काम आणि जामखेडच्या दवाखान्याची चिठ्ठी. हिरव्या दिव्याच्या माणसानं उन्हात खडी फोडायची.

गावच्या शाळेचे कृपादान गुरुजी पुढच्याच रांगेत उभे होते. हा माणूस तसा वस्ताद. पेटता पोत हातावर फिरवणाऱ्या भगताचं गुपित त्यांनी भर चावडीत फोडलं होतं. भुताला त्यांनी कधी भीक घातली नाही. पण पेटीतून वायर बाहेर आलेली दिसली आणि गुरुजी विरघळले. वायर असलेली वस्तू खोटं कशाला बोलेल? त्यांनीच दारोदार फिरून बायांना गोळा केलं होतं. "चला, विज्ञान आलंय गावात!"

पहिला मान सरपंच काकासाहेबांचा. यंत्र म्हणजे देवच, तेव्हा पारोशा हातानं कसं शिवायचं? काकासाहेबांनी वाड्यातून तांब्या मागवला. सगळं गाव टँकरची वाट बघत असलं तरी त्यांच्या विहिरीला पाणी होतं. त्यांनी हातपाय धुतले, चूळ भरली आणि ओला हात पट्ट्यांवर ठेवला. लाल! त्याच तांब्यानं हात धुऊन त्यांची बायको, लाल. जांभया देत आलेला पैलवान जावई, तोही लाल. वर्टीकरांच्या मदतनीसानं कार्डांवर भोकं पाडली.

"बघा," काकासाहेब पोटावरून हात फिरवत म्हणाले. "मी म्हनत हुतोच, मला आतून बरं वाटत न्हाई."

मग खडीवरच्या बाया आल्या. घण निसटू नये म्हणून तळहाताला कोरडी माती चोळायची त्यांची रीत. हात धुवायला पाणी कुठलं? पदराला पुसले आणि ठेवले. हिरवा, हिरवा, हिरवा.

"काय ही प्रकृती!" वर्टीकर मदतनीसाला म्हणाले. "दुष्काळ ह्यांना मानवलेला दिसतो."

त्यांच्यामागून साळूबाईनं सुनेला, चांगुणाला, धरून आणलं. चांगुणा पाच महिन्यांची पोटुशी. कालपासून जुलाब-उलट्यांनी पार पिळून निघाली होती. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. तिला उभं राहवत नव्हतं. साळूबाईनंच तिचा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला.

हिरवा.

"सायेब, पुन्यांदा बगा की!"

पुन्हा ठेवला. हिरवा, आणि कसा, तर ठसठशीत.

"निरोगी आहे," वर्टीकर म्हणाले. "पुढचा!"

साळूबाईचा चेहरा एकदम फुलला. "आगं पोरी, तुला काय बी झालं न्हाई! मिशीन म्हनतंय."

"मला उभं ऱ्हावंना, आत्याबाई," चांगुणा पुटपुटली.

"दमली असशील. जरा पड सावलीला."

गुरुजी चांगुणाकडं बघत राहिले. मग दिव्याकडं. मग पुन्हा चांगुणाकडं. दोन्ही खरं असू शकत नव्हतं. पण एका बाजूला वायर होती, म्हणून त्यांनी वायरीवर विश्वास ठेवला.

त्यांचा तिढा सोडवला साळूबाईच्या शेळीनं. ती मालकिणीमागोमाग पारावर चढली होती. सकाळपासून एवढे हात घासून गेलेले, पट्ट्यांना घामाचं मीठ चढलेलं. शेळीनं लांब जीभ काढली आणि पट्ट्या चाटल्या.

लाल!

मदतनीसानं मान वर न करता कार्डाला भोक पाडलं. "कोण हे?"

"साळूबाईची!" छगन ओरडला. मदतनीसानं तेवढं लिहून घेतलं.

सगळा पार हसला. गुरुजी हसले नाहीत. ते ताडकन पुढं झाले, काकासाहेबांचा तांब्या उचलला, स्वतःचा कोरडा हात ठेवला. हिरवा. भिजवून ठेवला. लाल. मग हातरुमाल ओला करून नुसता पट्ट्यांवर टाकला. लाल!

"अरेरे," छगन म्हणाला, "रुमालाला दुधाची पावडर लावा."

गुरुजींनी रुमाल काढला, पट्ट्या धोतरानं कोरड्या केल्या. समोर कुणीच नाही. हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

"साहेब," गुरुजी म्हणाले, "इथं जो माणूसच नाही, तोही तुमच्या मते ठणठणीत?"

"त्वचेतून किती वीज वाहते, त्यावरून आम्ही अनुमान..."

"ओल्यातून वाहते, कोरड्यातून अडते, एवढंच ना? ज्याच्या घरी पाणी तो आजारी, आणि जिच्या अंगातलं पाणी संपलं ती निरोगी?"

वर्टीकरांनी आवाज खाली आणला. "मास्तर, खरा कॉम्प्युटर जीपमध्ये मावत नाही हो. मोठे लोक बघायला येतात, त्यांना काहीतरी दिसायला लागतं. दिवे लागले की मदत मंजूर होते."

तेवढ्यात सावलीतून साळूबाईची किंकाळी आली. चांगुणा हाकेला ओ देत नव्हती.

"जीप काढा!" गुरुजी ओरडले.

"थांबा, आधी यंत्र नीट ठेवू द्या. नाजूक आहे ते!" मदतनीस पेटी उचलून मागच्या बाकावर बसवू लागला. गुरुजी आणि छगननं ती त्याच्या हातातून काढून पारावर आदळली आणि त्या जागेवर चांगुणाला निजवलं.

जीप जामखेडला पोचली. सलाइन लागलं. चांगुणा वाचली. पोटातलं वाचलं नाही. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "सकाळीच आणली असती तर..."

चांगुणा आठवड्यानं घरी आली, तेव्हा पारावर पुन्हा गर्दी. वर्टीकर कार्डं घेऊन गेले होते, पेटी न्यायला फिरकले नव्हते. गावानं पेटीला शेंदूर फासला होता.

"बातमी ऐकली का?" छगन गुरुजींना म्हणाला. "मुंबईचा निकाल आला. शेळीला दूध मंजूर. आन् चांगुणाला उद्यापास्नं खडीवर बलावलंय."

तेवढ्यात काकासाहेबांनी पेटीपुढं नारळ फोडला. पाणी पट्ट्यांवर सांडलं आणि लाल दिवा लागला.

"पावला! देव पावला!" माणसं आडवी पडली.

भिंतीला धरत धरत चांगुणा पुढं आली. तिनं पदरानं पट्ट्या पुसल्या. हिरवा. नारळाच्या करवंटीतलं उरलेलं पाणी ओतलं. लाल. पुन्हा पुसलं.

"पान्याला भुलतंय ते," ती म्हणाली. "माझ्यात पानी उरलं न्हवतं, म्हनून मी ठनठनीत झाले. आन् पोटातल्याचा हात कुटं ठिवायचा हुता, काकासायेब?"

काकासाहेब नारळाची शकलं वेचायला लागले. साळूबाई पदर तोंडात धरून रडायला लागली. "म्या मिशीनचं आयकलं गं. तुजं न्हाई आयकलं."

"मीही नाही ऐकलं," गुरुजी म्हणाले. मग गर्दीकडं वळले. "लोकहो, वीज खरी आहे. सलाइनसुद्धा विज्ञानानंच दिलं, त्यानंच ही वाचली. पण ज्याला उलटा प्रश्न विचारायची बंदी असेल, त्याच्यापुढं हात ठेवू नका. मग ते अंगात आलेलं असो, की मुंबईहून आलेलं. कुणी म्हणालं दुखतंय, तर आधी त्या माणसाकडं बघा."

त्यांनी पेटीचं मागचं झाकण उघडलं आणि बॅटरीची वायर उपटली. हिरवा दिवा विझला.

गर्दी हळूहळू पांगली. पारावर काळे दोन दिवे घेऊन पेटी बसून राहिली. आपल्याला काही कळत नाही, हे तिनं पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं.