पट्टीचे पाच महिने

मी एक जुना लेथ आहे. लोखंडाची कांब घट्ट धरून गरागरा फिरवायची आणि धारदार हत्याराने तासून गोल, गुळगुळीत करायची, हे माझे काम. पंपातला दांडा, बिजागरीतली पिन, असल्या वस्तू माझ्यासारख्यांकडून घडून तुमच्या घरी येतात.

मित्रांनो, एका कारखान्यात मी तेवीस वर्षे राबलो. माझ्यावर काम करणारे टर्नरकाका माझ्या आवाजावरूनच काय बिघडले ते ओळखत. पुढे संगणकावर चालणारी यंत्रे आली. काकांना निवृत्ती मिळाली आणि मला ताडपत्री. चार वर्षे मी शेडमध्ये गंजत पडलो. मग मालकांनी मला एका कार्यशाळेला देऊन टाकले. शाळा सुटल्यावर मुलांना हातचे काम शिकवणारी ती जागा. शिकवायला आले होते टर्नरकाकाच! आठ दिवस खपून त्यांनी माझा गंज उतरवला.

मुले चार वाजता दप्तरासकट येत आणि सहाला जात. नियम दारावरच चिकटवले होते. वय सोळा पूर्ण, शाळेत पंचाहत्तर टक्के हजेरी आणि पालकांची सही. यात बसणाऱ्याला दरमहा विद्यावेतन मिळे. रक्कम फार नव्हती, पण काही घरांत तेवढ्यावर विजेचे बिल निघे.

अशाच एका घरातून पट्टी आली. उंच आणि सडपातळ म्हणून मुलांनी ठेवलेले ते नाव. आईवडील नव्हते. थोरला भाऊ माल पोचवायची गाडी चालवून घर ओढत होता. संध्याकाळी कापडाच्या दुकानात तिला काम मिळत होते, पण इथे शिकता शिकता पैसेही मिळतील म्हणून भावाने तिला येऊ दिले होते.

तिचा हात मला पहिल्याच आठवड्यात आवडला. घाई म्हणून नाही. दोनदा मोजायची, मगच तासायची. एकदा तिने केलेला दांडा काकांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ही पट्टी पट्टीची टर्नर होणार."

तिसऱ्या महिन्यात घात झाला. तासताना लोखंडाची लांब, धारदार वेटोळी निघतात. मला थांबवून ती आकड्याने ओढायची असतात. त्या दिवशी तिने चालू यंत्रात हात घातला. बोट कापले, दोन टाके पडले. माझ्याच अंगावर ते झाले, याचे मला फार वाईट वाटले.

विम्याच्या कागदांसाठी कार्यालयातल्या बाईंनी तिचा मूळ जन्मदाखला मागितला. हरवला म्हणून तिला वेळ मारून नेता आली असती. दोन दिवसांनी ती बोटाला पट्टी बांधून आली आणि काकांसमोर उभी राहिली.

"काका, मला सोळा पूर्ण नाहीत. अजून पाच महिने आहेत. झेरॉक्सवरची तारीख मीच बदलली. दादाला माहीत नाही."

काका स्टुलावर बसले. पंधरा वर्षांच्या मुलीला आपण चालू यंत्रापाशी उभे केले, हे त्यांना लागले असावे. मग ते उठले. "चल, बाईंकडे जाऊ. मी बरोबर येतो."

बाई मनाच्या वाईट नव्हत्या, पण नियमापुढे त्यांचाही नाइलाज होता. यंत्र बंद, विद्यावेतन बंद, घेतलेले तीन महिन्यांचे पैसेही परत करायचे. काकांनी विचारले, मोजमाप आणि यंत्राच्या भागांची चित्रे काढणे तरी शिकता येईल का? बाईंनी सगळी नियमपुस्तिका चाळली. पालकांची संमती असेल तर तेवढे शिकता येत होते. मिळणार होते फक्त बसभाडे. जुने पैसे पुढच्या विद्यावेतनातून हप्त्याने कापायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला तो तिला घेऊन जायलाच. दुकानात जागा अजून रिकामी होती. काकांनी वाद घातला नाही. तिने केलेला दांडा आणि त्यावर बसणारी कडी त्याच्या हातात दिली. कडी आवाज न करता सरकून बसली. त्याने ती तीनचारदा काढून घातली.

"हे हिने केलं?"

"हिनेच."

तो बहिणीकडे वळला. "मग खोटं कशाला लिहिलंस? मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाला असतास."

भावाने पेन मागितले आणि संमतीच्या कागदावर सही केली. पाच महिने मी जादा फेऱ्या मारीन, एवढेच म्हणाला.

ते पाच महिने पट्टीने मला चालू केले नाही. इतरांनी केलेल्या वस्तू ती मोजायची. आधी मुले चिडवत, मग चूक नेमकी कुठे आहे हे तिलाच विचारू लागली. सोळावा वाढदिवस झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मूळ दाखला घेऊन हजर. तिने कांब दोनदा मोजली आणि मगच माझे बटण दाबले. पहिले काही महिने विद्यावेतन कापूनच मिळाले. तिने कुरकुर केली नाही. आज ती एका पंपाच्या कारखान्यात टर्नर आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला थोडक्यासाठी एखाद्या नियमाने अडवले, तर तारीख खोडू नका. आत जाऊन विचारा, तोवर मी काय शिकू? आणि तुम्ही मोठे होऊन त्या टेबलामागे बसाल, तेव्हा समोरच्या पोराला नाही म्हणण्याआधी, कृपा करून, ती पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा.