तिसऱ्या गाण्यातला आवाज

मित्रांनो, मी ठाकुर्लीच्या दोन खोल्यांच्या घरातला एक जुना इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला गायला शिकवलं ते या घरच्या रचनाने. माझ्यात कुणाचाही आवाज भरून ठेवला, की पट्टी दाबताच तो सुरात उमटतो.

रचनाने माझ्यात कुकरची शिटी भरली, जिन्यातल्या चपलांचा आवाज भरला. एकदा तिची आई शकू कामावरून दमून आली. ती डोंबिवलीच्या पाळणाघरात मुलं सांभाळायची.

"आई, पोरांना झोपवताना गुणगुणतेस ना, ते कर ना."

"चल गं! माझा आवाज म्हणजे फाटका ढोल," शकू लाजून म्हणाली. पण गुणगुणली. तो आवाज माझ्या पट्ट्यांवर पसरला आणि मला पहिल्यांदाच अंगात ऊब आल्यासारखं वाटलं.

त्या आवाजावर रचनाने तिच्या अल्बममधलं तिसरं गाणं रचलं. पाठीशी कुठली कंपनी नव्हती. अल्बम तिने स्वतःच इंटरनेटवर टाकला. लोकांची मतं येऊ लागली. 'ठेका एकदम भारी.' 'मराठीत असं काहीतरी हवंच होतं.' रचना वाचून दाखवायची, शकू हरखून जायची. मग तिसऱ्या गाण्याखाली कुणीतरी लिहिलं, 'मागे म्हैस रेकतेय का?' झालं, बाकीच्यांना चेव आला. 'म्हातारीला काढा, गाणं वाचेल.'

रचनाने आवाज काढून गाणं पुन्हा चढवलं. कॉम्प्युटरमधलं जुनं गाणं रागाच्या भरात पुसून टाकलं.

शकूने नवं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. "माझं कुठं गेलं गं?"

"लोकांना नाही आवडलं, आई."

"बरं," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. त्यानंतर ती घरात कधी गुणगुणली नाही.

पुढे रचना माजिवड्याला नोकरीला लागली आणि मी पोटमाळ्यावर गेलो. भरलेले आवाज जपणारी माझ्या आतली छोटी बॅटरी संपत चालली होती. मला ते कुणाला सांगता येत नव्हतं. त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि शकू गेली.

काही महिन्यांनी खडवलीच्या विनिता नावाच्या बाईने गाण्याखाली लिहिलं, 'यात पूर्वी एक आवाज होता. माझं बाळ त्यावरच झोपायचं. का काढलात?'

रचना तशीच स्टुलावर चढली. धूळ न पुसताच तिने मला खाली घेतलं, वायर जोडली, पट्टी दाबली. माझ्यातून नुसता सपाट 'टूं' आला. तिने एकेक करून सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या.

"दुसरीकडे असेल गं कुठेतरी," तिचा भाऊ धम्मपाल म्हणाला.

"नाहीये रे. मीच पुसलेला." तिने माझ्यावर डोकं टेकलं. कितीतरी पट्ट्या एकदम वाजल्या.

धम्मपालने मला नवी बॅटरी घालून आणली. आता दिलेलं सगळं माझ्या लक्षात राहतं, पण गेलेलं परत आलं नाही. रचनाने विनिताला उत्तर लिहिलं, 'तो माझ्या आईचा आवाज होता.'

मित्रांनो, मत जरूर द्या. गाणं ऐकणाऱ्याचा तो हक्कच आहे. फक्त आवाजामागे एक माणूस असतं, एवढं ध्यानात ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी गुणगुणत असेल, तर परक्यांच्या हसण्यापायी त्याला गप्प करू नका. असं माणूस गप्प झालं की घर किती शांत होतं, ते मी पोटमाळ्यावरून ऐकलं आहे.