नुसती ताई

वाचनालयाच्या मागे एक लांबट खोली होती आणि खोलीपुढे फरशीचं अंगण. वर्षभर तिथे जुनी मासिकं धूळ खात पडायची, पण उन्हाळा लागला की मासिकं कपाटात जायची आणि खोलीत टब, बादल्या, खडू नि रंगीत कागद यायचे. मोठ्या शाळेला अजून अवकाश असलेली, पण घरात सगळ्यांच्या नाकी नऊ आणणारी मुलं सकाळी तिथे यायची आणि दुपारी जेवायच्या वेळेला भिजून, रंगून, पेंगुळलेली घरी जायची. वर्ग चालवणारी बाई म्हणजे ताई. मुलं तिला ताई म्हणत, मुलांचे आईबाप ताई म्हणत, आणि टब भरायला येणाऱ्या मावशी वयानं कितीतरी मोठ्या असूनही ताईच म्हणत.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ताई पुठ्ठ्याची चित्रं कापत बसली होती. मुलांना वाचता येत नाही, म्हणून नावाच्या चिठ्ठीऐवजी ती प्रत्येकाच्या छातीवर एक चित्र लावायची. मग उन्हाळाभर ते मूल मासा, नाहीतर छत्री, नाहीतर बेडूक. बेडकाच्या पायांशी तिची झटापट चालली होती तेवढ्यात कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं. मान वर केली तर वहिनी.

"येऊ का?" वहिनीनं विचारलं, परक्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं.

वहिनी म्हणजे ताईच्या थोरल्या भावाची बायको. दोघींनी समोरासमोर बसून बोलल्याला वर्षं लोटली होती. भांडण काही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर एखादे वेळी मिटलंही असतं.

झालं होतं ते असं. बाळंतपणानंतर वहिनीला फुप्फुसाचं मोठं दुखणं लागलं आणि बाळाला जवळ घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. दादाला नोकरी, दवाखान्याच्या खेपा, आणि घरात तान्ही मुलगी. ताई एकटीच राहायची. तिनं नोकरी सोडली आणि बाळाला आपल्या दोन खोल्यांत आणलं. थोड्या आठवड्यांचा तर प्रश्न होता. पण दुखणं बरं होता होता उलटलं, आठवड्यांचे महिने झाले, आणि पोर दोन वर्षांची होत आली. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ती हुडकून काढायची, म्हणून ताई तिला मुंगी म्हणायची. मुंगी ताईच्या कुशीत झोपायला शिकली, ताईचं बोट धरून चालली, आणि एका सकाळी ताईकडे बघून अगदी स्वच्छ "आई" म्हणाली. "आई नाही गं, आत्या," असं ताईनं काही दिवस शिकवून पाहिलं. मग एकदा नकळत तिनं ओ दिली, आणि पुढे तेच अंगवळणी पडलं.

वहिनी बरी होऊन मुलीला न्यायला आली तेव्हा मुंगी ताईच्या मानेला जी चिकटली ती सुटेना. एकेक बोट सोडवावं लागलं. तिकडे तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. जरा रुळली असं वाटायचं, की ताई भेटून गेल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी एक दिवस दादा एकटाच आला, पाण्याचा पेला हातात नुसता धरून बसला आणि म्हणाला, "थोडे दिवस तू येऊ नकोस. तिला आईची सवय होऊ दे." ताई म्हणाली, "बरं." मग दादाची बदली झाली. कामानिमित्त आला की तो एकटाच भेटायचा आणि मोबाइलमधले फोटो दाखवायचा. ताई ते डोळे भरून बघायची. पण तो गेल्यावर घर खायला उठायचं. त्यातूनच तिनं दुसऱ्यांची मुलं जमवायला सुरुवात केली होती.

"आम्ही परत इथेच राहायला आलोय," वहिनी म्हणाली.

"दादा बोलला मला."

"ती घरात बसून कंटाळते. शेजारच्या बाई म्हणाल्या, वाचनालयामागच्या ताईंकडे घाला, मुलं घरी यायला तयार नसतात." वहिनी बोलता बोलता थांबली. "तिला काही आठवत नाही, ताई. तुम्हीही आठवण करून देऊ नका. एवढंच मागते. ती सगळ्यांसारखी, आणि तुम्ही सगळ्यांच्या ताई."

कापता कापता बेडकाचा एक पाय तुटून ताईच्या मांडीवर पडला होता. तो उचलत ती म्हणाली, "सगळ्यांसारखीच."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. ताईला तिला शोधावं लागलं नाही. कपाळावर केसांचा तोच हट्टी भोवरा, कितीही तेल लावा, न बसणारा. मुलीनं मात्र ताईकडे पाहिलं ते शेजारच्या कपाटाकडे पाहावं तसं. चित्रांच्या टोपलीतून तिनं गोगलगाय उचलली.

"ही का गं?" ताईनं विचारलं. आवाज साधा ठेवायला तिला प्रयास पडले.

"हिचं घर हिच्या पाठीवर असतं. कुणी उचलून नेलं तरी घर बरोबर."

त्या दिवशी काय बुडतं नि काय तरंगतं हा खेळ होता. आधी अंदाज करायचा, मगच वस्तू पाण्यात टाकायची. लिंबू बुडेल असं सगळ्यांनी ठासून सांगितलं आणि ते तरंगलं. एवढंसं बटण तरंगेल म्हणाले, ते तळाला गेलं. तुटलेला पाय चिकटपट्टीनं जोडलेला बेडूक ज्याच्या छातीवर होता, त्या मुलानं आपली चप्पल टाकली आणि ती तरंगली म्हटल्यावर शेजाऱ्याचीही टाकली. गोगलगाय मात्र टबापासून हातभर लांब, हात पाठीशी बांधून उभी. ताईला कारण माहीत होतं. ओले तळहात तिला लहानपणापासून सहन होत नसत. रांगायच्या वयातसुद्धा ती प्रत्येक थेंब ताईच्या ओढणीला पुसायची. ताईनं एक छोटा टॉवेल काढला, तिच्या खांद्यावर टाकायला निघाली, आणि मध्येच थबकली. मग कपाटातले होते नव्हते ते सगळे टॉवेल काढून तिनं प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक टाकला. थोड्या वेळानं गोगलगाईनं एक बोट पाण्यात बुडवलं, टॉवेलला पुसलं, पुन्हा बुडवलं.

"एवढे टॉवेल धुणार कोण?" मावशींनी विचारलं.

"मी धुते," ताई म्हणाली.

मग सावल्यांचा खेळ झाला. सकाळी अंगणात उभं राहायचं आणि दुसऱ्यानं आपल्या सावलीभोवती खडूनं रेघ ओढायची. घरी जायच्या आधी त्याच जागी उभं राहून पाहायचं. "माझी सावली कुणी कापली?" असं बेडकानं रडकुंडीला येऊन विचारलं, तेव्हा ताईनं बॅटरी आणि डबा घेऊन दाखवलं, सूर्य वर चढला की सावली आखडते. जोडीला मूल कमी पडलं होतं, म्हणून गोगलगाईच्या वाट्याला ताईची सावली आली. जीभ दातात धरून ती पायांपासून निघाली, कमरेपर्यंत आली, ओढणीच्या टोकाशी वळली. ताई जराही हलली नाही. ऊन डोक्यावर यायला लागलं.

"पुतळा व्हायचं ठरवलंय का?" मावशींनी विचारलं. सगळी मुलं गेल्यावर त्या बादली घेऊन फरशी धुवायला निघाल्या तेव्हा ताई म्हणाली, "आज राहू द्या ना." खडूची ती वाकडी, एक हात लांब नि एक आखूड असलेली बाई संध्याकाळपर्यंत तिथे होती, आणि वारा सुटेपर्यंत ताईही घरी गेली नव्हती.

असे दिवस चालले होते. एकदा ओल्या कापसात वाटाणे पेरायचे होते. प्रत्येकाला एक पेला, थोडा कापूस, भिजवलेले वाटाणे. मुलं इतकी गप्प झाली की ताई निर्धास्त होऊन रंगांचे ब्रश धुवायला मोरीकडे गेली. गप्प मुलांकडे पाठ करू नये, हे तिला एरवी चांगलं ठाऊक होतं. गोगलगाईनं एक वाटाणा नाकात घातला होता.

"आई!"

"ओ गं, आले," म्हणत ताई ओल्या हातांनी धावली. त्याच क्षणी दारातूनही "ओ" आली. वहिनी त्या दिवशी लवकर आली होती.

दोघींची नजरानजर झाली, पण त्याला वेळ नव्हता. ताईनं गुडघे टेकले आणि मुलीची दुसरी नाकपुडी अंगठ्यानं दाबली. "तोंड मिटायचं. आता नाकानं मेणबत्ती विझवायची. जोरात." पहिल्यांदा नुसताच शेंबूड आला. दुसऱ्या वेळी वाटाणा सुटला तो थेट बेडकाच्या पेल्यात.

"माझ्यात पडला," बेडूक म्हणाला. "आता तो माझा."

सगळी मुलं हसली. गोगलगाय ताईच्या बाजूनं निघून आईच्या कुशीत शिरली. ताईचे हात अर्धवट पुढे झाले होते. त्या हातांनी तिनं सांडलेला कापूस गोळा केला.

मुलं अंगणात गेल्यावर दोघी पायरीवर बसल्या.

"चुकलं माझं, वहिनी. तोंडातून निघून गेलं."

वहिनीची नजर अंगणातल्या मुलांवर होती. "दवाखान्यात हे येऊन सांगायचे, आज बसली, आज रांगली. मी भिंतीकडे तोंड करून पडायची. वाटायचं, गप्प बसा, मला नका सांगू. आता ती विचारते, आई, मी लहान असताना कशी होते?" तिनं हातातली पिशवी घट्ट धरली. "मी काहीतरी रचून सांगते. तिचा पहिला दातसुद्धा मी रचून सांगितलाय, ताई."

ताईनं ओले हात ओढणीला पुसले.

"कुठला आला होता?" वहिनीनं हळूच विचारलं.

"खालचा. भात भरवत होते, तर चमच्यावर टक्कन वाजला. दिसला नव्हता, आधी ऐकूच आला."

"चमच्यावर," वहिनी म्हणाली, पाठ करत असल्यासारखी.

त्या दिवसापासून वहिनी रोज लवकर यायला लागली. अंगणात मुलं बर्फाच्या लादीत गोठवलेली फुलं नि बटणं सोडवत असायची, कुणी मीठ टाकून, कुणी कोमट पाणी ओतून, बेडूक फुंकर मारून. आणि पायरीवर ताई सांगायची. मुंगी कशी आधी मागेमागेच रांगायची. ताप आला होता तेव्हा छातीवरून खाली ठेवू द्यायची नाही. आरशातल्या मुलीला बिस्किट भरवायची. इतकी वर्षं ताईनं हे सगळं कुणाजवळ काढलं नव्हतं. रात्रंदिवस मनात घोळवून घोळवून गुळगुळीत झालेले ते दिवस ती एकेक करून वहिनीच्या ओंजळीत ठेवत गेली. वहिनी मध्येच म्हणायची, "थांबा, पुन्हा सांगा," आणि ताई पुन्हा सांगायची.

एका सकाळी गोगलगाय बेडकाला सांगत होती, "माझा पहिला दात चमच्यावर वाजला. माझ्या आईनं ऐकला."

"खोटं," बेडूक म्हणाला.

"खरं. ताई, असा वाजतो ना दात?"

ताईच्या हातात बर्फाचं भांडं होतं. बोटं बधिर झाली होती तरी तिनं ते खाली ठेवलं नाही. "वाजतो," ती म्हणाली. "आईला बरोबर ऐकू येतो."

एक गोष्ट मात्र तिनं वहिनीला सांगितली नाही. ती पहिली हाक, ती सकाळ. वहिनीनंही कधी विचारलं नाही. कदाचित तेवढं दोघींनी न बोलता वाटून घेतलं होतं.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी वहिनी मुलीला घ्यायला आली ती आत येऊन उभी राहिली. तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "ही ताई आहे ना, ती तुझी आत्या आहे."

"आत्या म्हणजे?"

"बाबांची बहीण."

मुलीनं ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाबांना बहीण आहे? मला कुणी सांगितलंच नाही."

"आज सांगितलं," वहिनी म्हणाली. मग ताईकडे न बघता, चपलेत पाय सरकवत, "रविवारी जेवायला या. तुमच्या दादांनाही बोलले मी."

"येते," ताई म्हणाली.

"आत्या," मुलीनं लगेच शब्द वापरून पाहिला, "येताना टब आणशील? आमच्याकडे टब नाहीये."

"आणते."

मायलेकी फाटकाबाहेर पडल्या. मुलगी आईच्या हाताला लोंबकळत काहीतरी सांगत होती, आणि वळणापर्यंत सांगतच होती. तिनं मागे पाहिलं नाही. ताई फाटकाशी उभी राहिली. त्या दिसेनाशा झाल्यावरही उभी होती.

"जेवायचं नाही का आज?" आतून मावशींनी हाक दिली.

ताई आत आली. टब ओळीनं पालथे घालून ठेवले होते. त्यातला सगळ्यात लहान, एका हातात धरून बसमध्ये चढता येईल असा, तिनं निवडला. तो घासला, पुसून कोरडा केला आणि आपल्या पिशवीशेजारी दाराशी ठेवला. रविवार अजून बराच लांब होता.