पायातले बूट

डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि उठून खिडकी उघडली. वास पिंट्याच्या बुटांचा होता. आई गेली त्या दिवसापासून ते त्याच्या पायांतून निघाले नव्हते. झोपताना बूट, अंघोळीला बूट, आणि काढायला जाईल त्याच्या हाताला तो चावायचा. आत मोजे कुजले होते.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं. पिंट्याच्या डोक्यावरून, थोरल्या भावाला.

"महिना होत आला," दादा मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "जगणं हराम केलंय. परवा हिच्या वहिनीचा हात फोडला."

'ही' म्हणजे ताई, दोघांच्या मधली. आईच्या अंत्यविधीनंतर लगेच परत गेलेली ती दूरच्या शहरातून कालच पुन्हा आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. पिंट्याचे केस कानांवर पिकले होते, पण घरात अजून सगळे त्याला पिंट्याच म्हणत. मागच्या खेपेच्या गोळ्यांनी तो अर्धवट झोपेत होता, हनुवटीवरून लाळ ओघळत होती. ती पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं. ताईने आपल्या रुमालाने पुसली.

"मतिमंदांचं असंच असतं. वय वाढतं तसे हट्ट वाढतात," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "गोळी दुप्पट करतो. नाहीच ऐकलं तर संस्थेत ठेवा. तिथं चौघं धरून काढतात बरोबर."

"तेच करू," दादा म्हणाला. "आजच नेऊन सोडतो."

"त्याला कुणी विचारलंय का?" ताई म्हणाली.

"त्याला काय विचारायचं? पालथ्या घड्यावर पाणी."

ताईला शिसारी आली, आणि ती वासाची नव्हती. दादाच्या इस्त्रीच्या शर्टाची, डॉक्टरांच्या त्या चौघांची, महिनाभर फोनवर 'मजेत आहे तो' ऐकून गप्प बसलेल्या स्वतःचीही. ती फरशीवर मांडी घालून पिंट्यासमोर बसली.

"जपून, चावेल," डॉक्टर म्हणाले.

"पिंट्या, बूट कशाला घातलेस रे?"

जड जिभेवरून शब्द यायला वेळ लागला.

"जायचंय."

"कुठं?"

"आईकडं. दादा म्हणाला, बूट घालून बस. न्यायला येतो."

दादाने मोबाइल खिशात घातला.

"अगं, त्या दिवशी दारात गाडी उभी, आई धापा टाकतेय, आणि हा मधे मधे. काहीतरी सांगायला नको?"

"आणि नंतर?"

"नंतर काय? म्हटलं, विसरेल."

विसरेल म्हणे! विसरला होता तो दादा. ज्याला काही कळत नाही, तो महिनाभर तयार होऊन बसला होता.

"पिंट्या," ताईने त्याचे गुडघे धरले, "आई मेली. त्या गाडीतून दवाखान्यात नेली, तिथं मेली. ती आता घरी येणार नाही. आपल्यालाही तिच्याकडं जाता येणार नाही."

"अगं, काय बोलतेस!" दादा दबक्या आवाजात ओरडला.

पिंट्याने दादाकडे पाहिलं. मग दाराकडे. बराच वेळ दाराकडेच पाहत राहिला. त्याचा खालचा ओठ हलायला लागला.

"मग बूट काढू?"

ताईने मान डोलावली. तो वाकला, पण नाड्यांच्या गाठी घट्ट बसल्या होत्या. तिने त्या दातांनी सोडवल्या. बूट निघाला तसा दादा नाक दाबून बाहेर गेला. मोजा टाचेच्या कातडीला चिकटला होता. तिची बोटं तिथं पोचली तेव्हा पिंट्याने तिचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. चावला नाही.

"डॉक्टर," ताई वर न बघता म्हणाली, "ते लिहिणं राहू द्या. जरा कोमट पाणी मागवा."