रेंजरसाहेबांचा पाईप

मी एक जुना पाईप आहे, मित्रांनो. खापा गावचे लोक मला साहेबाची चिलीम म्हणत. पण माझे साहेब म्हणजे जंगलखात्यातले रेंजर महादेवराव. विलायतेत एका झुडपाच्या गाठाळ मुळातून मला कोरले. नळी काळ्या टणक रबराची. शहरातल्या सदर बाजारात एका दुकानात महादेवरावांनी मला घेतले आणि पारशिवनीच्या जंगलात मी त्यांच्या ओठांत हिंडलो. विचारात पडले की ते माझी नळी चावत. पेन्शनीत निघाल्यावर खाप्याला, कन्हान नदीच्या काठी, ते मला पेटवून बसत. लेक गोपिका शेजारी बसून त्या धुराचा वास घेत राही.

मग ते गेले. गोपिका तेव्हा सासरी, पारशिवनीला होती. मला कुणीतरी खिळ्यांच्या डब्यात टाकले. तिथे वर्षानुवर्षे पडून माझी नळी तडकली. गोपिकेच्या भावाने खाप्याचे घर विकायला काढले, तेव्हा आवराआवरीत मी तिच्या हाती लागलो. तिने मला हुंगले. महादेवरावांच्या तंबाखूचा वास माझ्यात अजून होता.

माझे दोन तुकडे होतील या भीतीने तिने मला सदरला मनोहररावांकडे आणले. ते जुने पाईप दुरुस्त करत आणि जमवतही. मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या सामानाच्या लिलावातले कितीतरी पाईप त्यांच्या काचेच्या कपाटात चमकत होते. अगदी नव्यासारखा करून देतो, असे त्यांनी सांगितले. गोपिका बाकावर वाट पाहत बसली. त्यांनी माझ्यातली काजळी खरवडली, स्पिरिटने आतून धुतले, तडा बुजवला, मेण लावून घासले. माझ्या लाकडाच्या रेषा उजळल्या. असा पाईप त्यांच्या कपाटात नव्हता. मला हातात फिरवताना त्यांची नजर तिकडेच जात होती. मग नळीवरचे खड्डे काढायला त्यांनी कानस उचलली.

गोपिका उठली. "ते घासू नका, भाऊ."

"काहून वं माय? खड्डे राह्यले तं जुना दिसते."

"माह्या बाबाचे दात हायेत ते."

मनोहररावांनी कानस खाली ठेवली. गोपिकेने मला नाकाशी नेले. स्पिरिट आणि मेण, एवढेच.

"वास गेला," ती म्हणाली.

"गेला वं. मीच आधी विचाराले पायजे होतं."

मला मागून घ्यायचे त्यांच्या मनात होते. त्यांनी तो विषयच काढला नाही. मऊ कापडात गुंडाळून मला तिच्या हाती दिले.

आता मी पारशिवनीला, तिच्या लुगड्यांच्या पेटीत असतो. मला पुन्हा कुणी पेटवले नाही. नदीवरचा वारा आठवतो, महादेवरावांचे खाकरणे आठवते. परवा दुपारी घरात कुणी नसताना गोपिकेने मला बाहेर काढले, नळी ओठांत धरली आणि हळूच ओढली. धूर कुठला असणार! पण इतक्या वर्षांनी माझ्यातून कुणाचा तरी श्वास गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या डब्यात माझ्यासारखे कुणी विसरलेले पडले असेल. त्याला बाहेर काढा, जपा. फक्त त्याला घासायला घेण्याआधी घरातल्यांना विचारा, यात तुमचं काय राहिलं आहे?