न जाळलेली टोपली

जनी दमली होती. आजची नव्हे, लग्न झाल्यापासूनची दमली होती म्हणा ना! त्यात यंदा वालावर मावा पडला, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. आणि तो वाल काय साधा होता? सासूनं जन्मभर जपलेलं घरचं बियाणं. मडक्यातलं होतं नव्हतं तेवढं सगळं पेरलेलं. हे गेलं की वाण संपला.

मुरुडहून एस्टीनं शेती केंद्रातली गौरी आली आणि बाटलीतून चिलटाएवढ्या गांधीलमाश्या शेतात सोडून गेली. "मावा ह्याच संपवतील. फवारू नका, धीर धरा," एवढंच बोलली.

जनीचा नवरा रामचंद्र दहा दिवस धीर धरून बसला. अकराव्या दिवशी बघतो तर मावा फुगून तपकिरी झालेला, पानांना घट्ट चिकटलेला.

"आयला, हा नवाच रोग!"

झालं! रोगट पाला दिवस मावळायच्या आत जाळायचा, हा सासूचा नेम. दोघांनी दिवसभर वाकून तपकिरी पानं खुडली. चार टोपल्या भरल्या. तीन रामचंद्रनं जाळल्या, चौथी जनीवर सोपवून तो गुरं बांधायला गेला. जनीला आता काडी ओढायचंही जिवावर आलं होतं. तिनं टोपली शेवग्याच्या मागे सारली आणि घरी येऊन सांगितलं, "जाळली."

तिसऱ्या दिवशी गौरी आली. पानं उलटीपालटी करत फिरली.

"तपकिरी मावा कुठाय, काका?"

"जाळला की! कंबर मोडली आमची."

गौरी मटकन बांधावर बसली. "अहो, माशी माव्याच्या पोटात अंडं घालते. मावा फुगला म्हणजे आत तिचं पिल्लू वाढत होतं. तुम्ही माश्याच जाळल्यात, काका."

"म्हंजे आयचा वाण गेला?" रामचंद्रनं विचारलं.

जनीनं शेवग्याकडे बघितलं. आता खरं सांगितलं तर हा माणूस फाडून खाणार. खाऊ दे मेला!

"एक टोपली हाय," ती म्हणाली. "शेवग्याच्या मागं. अंगात त्राण न्हवतं, म्हणून खोटं सांगितलं."

तिघंही धावली. पाला वाळला होता. फुगलेल्या माव्याला बारीक गोल भोकं पडली होती आणि वर चिलटांसारखं काही भिरभिरत होतं.

"निघायला लागल्या!" गौरी ओरडली. "टोपली वालाच्या मधोमध ठेवा. वाचेल वाल."

जनी शिव्यांची वाट बघत उभी होती. रामचंद्रनं टोपली उचलली.

"तू बस," तो म्हणाला. "मी ठेवतो."

तीस वर्षांत तो असं पहिल्यांदाच बोलला होता. जनी बांधावर बसली आणि तिला रडू फुटलं.